सदऱ्याचे कापड : खळ आणि वीण

दुकानात कापडाचा तागा उलगडला, की गिऱ्हाईक प्रथम पाहते ती त्याची चकाकी, आणि मग बोटांना लागणारा कडकपणा. हे दोन्ही गुण पुष्कळदा खळीचे असतात व चार धुण्यांत नाहीसे होतात. मागे उरते ते सूत आणि त्याची वीण. सदरा किती दिवस अंगावर टिकेल हे त्यांवरच अवलंबून असते.

मागावर उभा असतो तो ताणा, त्यातून आडवा जातो तो बाणा. पॉपलिनमध्ये हे धागे एकाआड एक असे खालीवर गुंफलेले असतात. मात्र ताण्याचे धागे बाण्याहून पुष्कळच दाट. म्हणून पॉपलिन गुळगुळीत दिसते, आणि निरखून पाहिल्यास त्यावर बारीक आडव्या रेषा आढळतात. इस्त्री त्यावर खुलते, पण चुण्याही लवकर पडतात. ऑक्सफर्डमध्ये ताण्याचे दोन-दोन धागे जोडीने एका जाड बाण्यावरून जातात. चटईसारख्या या विणीतून हवा खेळते. दिसावयास ते थोडे राकट खरे. परंतु रोजच्या वापरास त्यासारखे सोशिक कापड विरळा. ट्विलमध्ये गुंफण प्रत्येक ओळीत एकेक धागा पुढे सरकते व तिरक्या रेषा उमटतात. ते अंगावर मऊ बसते, चुरगळतेही कमी.

सुताच्या अंकाने मात्र अनेकांची फसगत होते. एक रत्तल सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतील, तितका त्याचा अंक. म्हणजे ४० अंकी सुताहून ८० अंकी सूत बारीक होय. अधिक टिकाऊ नव्हे. बारीक सुतास लांब तंतूचा कापूस लागतो, त्याची किंमत गिऱ्हाइकास मोजावी लागते. शाळकरी मुलाच्या सदऱ्यावर हा खर्च करण्यात काय हशील?

कापड घेताना ते दोन्ही हातांत धरून चोळावे. पांढरी भुकटी झडली तर खळ जास्त समजावी. मग उजेडासमोर धरावे, विरळ वीण लगेच उघडी पडते. चौकडी असेल तर उलट बाजूही पाहावी. रंगीत सुताने विणलेली चौकडी दोन्हीकडे सारखी दिसते, छापलेली मागून फिकी असते.

मागावर ताणलेले धागे पाण्यात पडताच आखडतात. यास्तव शिंप्याकडे देण्यापूर्वी कापड पाण्यातून काढावे. नाहीतर गळपट्टी आवळते आणि बोल बिचाऱ्या शिंप्यास लागतो. ‘सॅन्फोराइज्ड’ असा छाप असलेले कापड गिरणीतच यंत्राने आखडवलेले असते, त्यास ही खबरदारी फारशी लागत नाही.