दुहेरी स्लीपिंग मॅट

दुहेरी स्लीपिंग मॅट म्हणजे तंबूत किंवा उघड्यावर मुक्काम करताना दोन व्यक्तींना शेजारी शेजारी झोपता यावे यासाठी तयार केलेले, गुंडाळून नेता येणारे एकसंध अंथरूण होय. तिला दुहेरी स्लीपिंग पॅड असेही म्हणतात. टणक जमिनीचा त्रास कमी करणे हे तिचे एक कार्य आहे. शरीराची उष्णता जमिनीत जाऊ न देणे हे दुसरे कार्य असून थंड प्रदेशात तेच अधिक महत्त्वाचे ठरते. अनेक दिवसांच्या भ्रमंतीत दोघांची झोप एकाच वस्तूवर अवलंबून असते. त्यामुळे अशी मॅट निवडताना मऊपणाबरोबरच उष्णतारोधन, हवेच्या कप्प्यांची रचना, वजन आणि दुरुस्तीची सोय यांचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

वाळलेले गवत, झाडांचा पाला, जनावरांची कातडी आणि लोकरीची जाड वस्त्रे यांचा प्रवासी व मेंढपाळ पूर्वापार अंथरूण म्हणून उपयोग करीत आले आहेत. महाराष्ट्रातील धनगरांचे घोंगडे हे त्याचेच उदाहरण होय. अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाची प्रक्रिया शोधून काढली. त्यानंतर टिकाऊ रबरी कापड तयार होऊ लागले आणि हवा भरण्याच्या गाद्या प्रचारात आल्या. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतही अशा गाद्या वापरल्या गेल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोमच्या हलक्या चटया लोकप्रिय झाल्या. ब्रिटनमधील कॅरिमोर या कंपनीची अशी चटई ‘कॅरिमॅट’ या नावाने विकली जाई. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांत ‘कॅरीमॅट’ हा शब्द आज फोमच्या कोणत्याही चटईसाठी रूढ आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथील कॅस्केड डिझाइन्स या कंपनीने ‘थर्मारेस्ट’ ही आपोआप फुगणारी गादी बाजारात आणली. फोम आणि हवा यांचा एकत्र उपयोग करणाऱ्या या गादीमुळे मुक्कामाच्या अंथरुणात मोठा बदल घडून आला.

उष्णतारोधन

स्लीपिंग बॅगमधील पिसे किंवा कृत्रिम तंतू स्वतः ऊब निर्माण करीत नाहीत. ते आपल्यामध्ये हवा धरून ठेवतात आणि ही स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. झोपलेल्या व्यक्तीच्या भाराने शरीराखालील तंतू दबतात व त्यांतील हवा निघून जाते. त्यामुळे खालच्या बाजूने होणारे संरक्षण जवळजवळ सर्वस्वी मॅटवर अवलंबून असते. चांगली स्लीपिंग बॅग असूनही रात्री पाठ गारठते, त्याचे कारण अनेकदा मॅटमध्ये असते. अतिशीत ठिकाणी हा उष्णतेचा ऱ्हास चालूच राहिला, तर शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घटून हायपोथर्मिया होण्याची शक्यता वाढते.

केवळ जाडीवरून मॅटची ऊब ठरत नाही. जाड पण पोकळ गादीतील हवा मोकळेपणाने फिरते आणि वरची उष्णता खाली वाहून नेते. म्हणून उबदार गाद्यांमध्ये तंतू, पिसे किंवा फोम भरून हवेची हालचाल रोखली जाते, अथवा उष्णता परावर्तित करणारे पातळ पडदे बसवले जातात.

उष्णतेला होणारा हा विरोध आर-मूल्याने दर्शवतात. मूल्य जितके अधिक तितकी मॅट उबदार. पूर्वी उत्पादक आपापल्या पद्धतीने हे मूल्य ठरवीत असल्याने दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करणे अवघड होते. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे समान चाचणीचे मानक प्रसिद्ध झाले. या चाचणीत मॅट एका उष्ण आणि एका थंड पृष्ठाच्या मध्ये ठेवून तिच्यातून किती उष्णता जाते हे मोजतात. सर्वसाधारणपणे उन्हाळ्यासाठी २ पेक्षा कमी, सौम्य हवामानासाठी २ ते ४, थंडीसाठी ४ ते ५.५ आणि बर्फावरील मुक्कामासाठी त्याहून अधिक आर-मूल्य योग्य मानले जाते. एकावर एक अंथरलेल्या मॅटच्या आर-मूल्यांची बेरीज होते. उदाहरणार्थ, ३ मूल्याच्या हवेच्या गादीखाली २ मूल्याची फोमची चटई घातल्यास एकूण संरक्षण सुमारे ५ होते.

प्रकार

१. बंद पेशींच्या फोमची चटई : हिच्यातील हवेचे सूक्ष्म कप्पे परस्परांपासून अलग असल्याने ती पाणी शोषत नाही आणि काटा टोचला तरी निकामी होत नाही. ती हलकी व स्वस्त असते. मात्र जाडी कमी असल्याने कुशीवर झोपणाऱ्यांच्या खांद्याला व कमरेला जमीन जाणवते.

२. आपोआप फुगणारी मॅट : हवाबंद आवरणात खुल्या पेशींचा फोम असतो. झडप उघडताच फोम प्रसरण पावून हवा आत ओढतो. ती आरामदायक व उबदार असते, परंतु तिचे जाड दुहेरी प्रकार अनेक किलो वजनाचे असून वाहनाने केलेल्या प्रवासासाठीच सोयीचे ठरतात.

३. हवेची मॅट : ही पिशवीने किंवा पंपाने भरतात. हिची घडी लहान होते. पायी प्रवासासाठीच्या दुहेरी मॅटचे वजन साधारणतः एक ते दीड किलो असते. छिद्र पडण्याचा धोका हा हिचा मुख्य दोष आहे.

दुहेरी रचनेचे गुणदोष

दोन स्वतंत्र मॅट शेजारी अंथरल्यास रात्री त्या सरकतात आणि मध्ये थंड फट पडते. दुहेरी मॅटमध्ये ही अडचण नसते. आई-वडील व लहान मूल, किंवा एकच मोठी स्लीपिंग बॅग वापरणारे जोडपे यांना ती विशेष उपयुक्त ठरते.

दुहेरी मॅटच्या आत मात्र हवेचा एकच सामाईक कप्पा असेल, तर एकाने कूस बदलताच हवा सरकून दुसरा उचलला जातो. दोघांच्या वजनात बराच फरक असल्यास हलकी व्यक्ती जड व्यक्तीच्या बाजूला घरंगळते. दोन अलग कप्पे आणि प्रत्येकाला स्वतंत्र झडप असल्यास हा त्रास टळतो व प्रत्येकाला आपल्या आवडीनुसार हवा कमी-अधिक करता येते.

सामाईक कप्प्याचा याहून गंभीर दोष छिद्र पडल्यावर दिसून येतो. स्वतंत्र मॅट वापरणाऱ्यांपैकी एकाची मॅट फाटली, तरी दुसऱ्याचे अंथरूण शाबूत राहते. सामाईक कप्प्याची मॅट निकामी झाल्यास दोघेही एकाच वेळी थंड जमिनीवर येतात. यामुळे गावापासून अनेक दिवसांच्या अंतरावर जाणाऱ्यांनी दोन कप्प्यांची दुहेरी मॅट किंवा पट्ट्यांनी जोडता येणाऱ्या दोन एकेरी मॅट घेणे अधिक सुरक्षित असते. सोबत फोमची पातळ चटई असल्यास तिचा छिद्रापासून संरक्षणासाठी आणि आणीबाणीत अंथरूण म्हणून, असा दुहेरी उपयोग होतो.

आकार आणि आराम

एकेरी मॅट सामान्यतः ५१ ते ६४ सेंटिमीटर रुंद असते. दुहेरी मॅटची रुंदी बहुधा १०० ते १३० सेंटिमीटरच्या दरम्यान, तर लांबी १८३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असते. खरेदीपूर्वी तंबूच्या तळाचे डोक्याकडील व पायाकडील असे दोन्ही माप घेणे आवश्यक आहे, कारण अनेक तंबू पायाकडे निमुळते होतात. मॅट तंबूच्या भिंतींना टेकल्यास तेथील दवाने स्लीपिंग बॅग भिजते.

पाठीवर झोपणाऱ्यास कमी जाडी पुरते. कुशीवर झोपणाऱ्यास ७ ते ८ सेंटिमीटर किंवा अधिक जाडी सुखावह वाटते. पूर्ण ताणून फुगवलेली मॅट टणक लागते. म्हणून आडवे झाल्यावर थोडी थोडी हवा सोडावी आणि कंबर जमिनीला टेकण्यापूर्वीच थांबावे. दोघांनी घरी फरशीवर एक संपूर्ण रात्र झोपून पाहिल्यास उंची, आवाज व हालचालीचे दोष प्रवासापूर्वीच लक्षात येतात.

वापर आणि निगा

थंडीने हवा आकुंचन पावते. बाहेरचा दाब कायम असताना मॅटमधील हवा २७ अंश सेल्सिअसवरून ७ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिचे आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी घटते. त्यामुळे पहाटे थोडी सैल झालेली मॅट फुटलेलीच असते असे नाही. संध्याकाळी भरलेली हवा गार झाल्यावर, झोपण्यापूर्वी तिच्यात पुन्हा थोडी भर घालावी. याउलट, फुगवलेली मॅट भर उन्हात ठेवल्यास आतील दाब वाढून जोड उसवू शकतात. तोंडाने हवा भरल्यास श्वासातील बाष्प आत साचून बुरशी धरते. म्हणून हवा भरण्याची पिशवी वापरणे हितावह असते.

छिद्र शोधण्यासाठी फुगवलेल्या मॅटवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे येतील तेथे खूण करतात. ती जागा स्वच्छ पुसून, पूर्ण कोरडी करून मगच ठिगळ चिकटवावे. घरी आपोआप फुगणारी मॅट झडप उघडी ठेवून, न गुंडाळता पसरून ठेवल्यास तिच्या फोमची लवचीकता टिकते.

सह्याद्रीतील वापर

सह्याद्रीतील दुर्गभ्रमंतीत मुक्काम पुष्कळदा गडावरील मंदिरात किंवा कातळात कोरलेल्या गुहेत केला जातो. तेथील दगडी फरशी हिवाळ्यात रात्रभर शरीराची उष्णता शोषून घेते. जागा अपुरी असल्याने व उघड्या माळावर काट्यांचा उपद्रव असल्याने येथे फोमची एकेरी कॅरीमॅटच अधिक प्रचारात आहे. दुहेरी मॅटचा उपयोग प्रामुख्याने वाहनाने पोहोचता येणाऱ्या तंबूस्थळी आणि जिथे सामान वाहून नेण्याची व्यवस्था असते अशा हिमालयातील दीर्घ पदभ्रमंतीत होतो.