शेवटच्या कडव्यातलं नाव

गौरी-गणपतीत कोकणात, पोलादपूरच्या एखाद्या वाडीत जाखडीचा नाच उभा राहिला की मी शेवटच्या कडव्यासाठी कान देऊन बसतो. त्यात शाहीर आपल्या गुरूचं, स्वतःचं आणि गावाचं नाव गुंफतो. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचा सामना पहाटेपर्यंत रंगतो. पुढे चाकरमान्यांच्या एसट्या मुंबईला गेल्या की तोच शाहीर खाचरात उतरतो.

पण प्रत्येक कलावंताला आपलं नाव असं गुंफता येत नाही. घरच्यांनी विसरलेला आणि परक्यांनी डोक्यावर घेतलेला कलावंत म्हटलं की मला मुंबईचे चरणजित सिंग आठवतात. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात ते गिटार वाजवत. अशा वादकांची नावं सिनेमाच्या तबकडीवर सहसा येतच नसत. १९८२ साली मात्र त्यांनी स्वतःच्या नावाची तबकडी काढली : ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, सगळे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर वाजवलेले. त्यातलं रोलंड टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. कारखान्याच्या लेखी ती एक कळ. रागदारी ऐकलेल्या कानाला तीच मींड. खाली ठेका तसूभर हलत नाही आणि वर सूर ओला होऊन ओघळतो. आजही ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो.

तबकडी फारशी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि त्यातून नृत्यसंगीताचा एक नवा पंथच निघाला. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजितांची तबकडी सापडली. वेष्टनावर नाव होतं, म्हणून त्याला मुंबईत माणूस शोधता आला. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरी गाठलेले चरणजित युरोपातल्या पोरांसमोर वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा गायक रॉड्रिग्ज याचंही तसंच. तो पाडकामावर मजुरी करत होता आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घरोघरी वाजत होती. चाहत्यांना त्याचा माग लागला तो गाण्यात आलेल्या एका गावाच्या नावावरून. १९९८ मध्ये केपटाऊनला तो गायला, तेव्हा सभागृह खच्चून भरलं होतं.

आमच्या जाखडीनेही समुद्र ओलांडलाय. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांनी ती सोबत नेली. तिथले मराठी लोक गणपतीत आजही ‘झाकरी’ नाचतात. पण पहिल्या खेपेला ती कोण गायलं, त्याचं नाव उरलं नाही. हे मला फार लागतं.

नावं पुसली जायची वेळ आमच्याकडेही आली होती. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचा पूर महाडात शिरला. पाणी ओसरल्यावर आमच्या नात्यातल्या आप्पा या म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्या मी पत्र्यावर वाळत घातल्या. पानं चिखलाने चिकटली होती, ती उलथण्याने एकेक सोडवली. शाई पसरून मधली कडवी गेली होती. आप्पा शेजारी उकिडवे बसले होते. मी गुरूचं नाव कसंबसं लावलं आणि पुढे अडलो.

“थांब,” ते म्हणाले, आणि गावाच्या नावापासून उलटं मागे जात त्यांनी अख्खं कडवं म्हटलं. मी ते पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं.