भात रात्र मोजतो

ऑक्टोबरात मुरबाडहून टोकावड्याकडे किंवा शहापूरहून डोळखांबकडे निघालं की दोन्ही बाजूंची खाचरं पिवळी पडलेली दिसतात. पाणी ओसरलेलं, लोंब्या वाकलेल्या, कुठे कुठे विळे चालू झालेले. अशात रस्त्याकडेच्या एखाद्या दिव्याखाली मात्र हिरवा तुकडा तसाच उभा राहू शकतो. बी तेच, लावणी त्याच दिवशीची, तरी भात अजून पोटरीतच. शेतकरी आधी खताला बोल लावतो, मग पाण्याला. दिव्याचा संशय सहसा कुणाला येत नाही.

या पट्ट्यात भाताची वाटणी तीन प्रकारांत होते: हळवा, निमगरवा आणि गरवा. हळवा साधारण साडेतीन-पावणेचार महिन्यांत हाती येतो, गरव्याला त्याहून महिनाभर जास्त लागतो. पण गरव्याच्या जुन्या जातींचा खरा गुण निराळा आहे. राब लवकर पेरा की उशिरा, लावणी आठवडाभर पुढे जाऊ दे की मागे, हा भात आपल्या ठरल्या सुमारालाच निसवतो. पाऊस लांबला म्हणून थांबत नाही, लवकर आला म्हणून घाई करत नाही. पंचांग न पाहता त्याला तारीख कळते कशी?

उत्तराची सुरुवात अमेरिकेत झाली. तिथल्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि दाखवलं, की काही वनस्पतींना दिवसाची लांबी कळते आणि फुलायचं कधी ते त्या तिच्यावरून ठरवतात. पुढे १९३८मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका तणाची झाडं अंधारात ठेवून रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला. झाडं फुलायची थांबली. दिवसाच्या मध्ये अंधार केला तेव्हा काहीच बिघडलं नाही. म्हणजे झाड मोजत होतं ते रात्रीला, अखंड अंधाराला. भाताचंही तेच. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य प्रकाश टिपतं, पेशींमधलं घड्याळ त्याची नोंद ठेवतं, आणि रात्र पुरेशी लांब झाली की पानातून शेंड्याकडे फुलण्याचा निरोप जातो. शहापूर-मुरबाडच्या अक्षांशावर २१ जूनला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांचा. वर्षभरात मिळून फरक जेमतेम सव्वादोन तास, तोही दिवसाला मिनिट-मिनिटाने पडणारा. तेवढ्यावर गरव्याचं काम भागतं.

दिव्याखालच्या तुकड्याला ही रात्र मिळतच नाही, त्यामुळे निरोपही जात नाही. भातशेतीला रस्त्यावरच्या दिव्यांचा त्रास होतो ही तक्रार जपानमध्ये इतकी वाढली, की तिथल्या संशोधकांनी भाताला न बाधणारे खास एलईडी दिवे बनवले. फिलिपाइन्समध्ये १९६६ साली आलेल्या आयआर-८पासून पुढच्या बहुतेक सुधारित जातींमध्ये मात्र हे घड्याळ मुद्दामच सैल केलेलं आहे, म्हणजे भात कुठल्याही मोसमात घेता यावा. त्यामुळे दिव्याखाली हळवा किंवा सुधारित भात लावला तर फारसं बिघडत नाही. अडचण होते ती पिढ्यान् पिढ्या जपलेल्या गरव्याची.

आता आपल्या शरीराकडे येऊ. डोळ्याच्या पडद्यात शंकू आणि दंड अशा दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. १९९८ ते २००२ या काळात त्यात तिसऱ्याची भर पडली. मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या या पेशींचं मुख्य काम आकृती दाखवण्याचं नाही. बाहेर उजाडलं आहे की मावळलं आहे, एवढंच त्या मेंदूला कळवत राहतात. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या साधारण वीस हजार पेशींच्या एका गाठीकडे जातो, आणि तिथून झोप, शरीराचं तापमान, भूक, संप्रेरकं यांची दिवसभराची वेळ लावली जाते. हे घड्याळ पेशीच्या आत कोणत्या जनुकांवर चालतं, हे शोधल्याबद्दल २०१७चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं.

उजेडाचे आकडे पाहिले तर आपला अंदाज किती चुकतो ते कळतं. प्रकाश लक्समध्ये मोजतात. भर दुपारी खाचराच्या बांधावर एक लाखाच्या आसपास लक्स पडतात. आषाढात माळशेजचा घाट ढगात बुडालेला असतानाही बाहेर अंगणात काही हजार असतात. आणि आपण ज्याला लख्ख उजेड म्हणतो तो घरातला किंवा कचेरीतला ट्यूबलाइट दोन-तीनशे लक्सच्या पुढे क्वचितच जातो. डोळा सावरून घेतो म्हणून फरक जाणवत नाही, पण त्या तिसऱ्या पेशींना तो बरोबर कळतो. लावणीला चिखलात उभ्या असलेल्या बाईला ढगाळ दिवशीसुद्धा जितका उजेड मिळतो, तितका कल्याणच्या कचेरीत खिडकीपासून दूर बसलेल्याला आठवडाभर मिळत नाही. रात्री उलटं होतं. अंधारात मेंदूत मेलॅटोनिन स्रवू लागतं, आणि डोळ्यांजवळ धरलेला मोबाइल व डोक्यावरचा पांढरा दिवा त्याला मागे रेटतात. हा रोग आता फक्त शहराचा राहिलेला नाही. पाड्यावरच्या पोरांच्या हातातही तोच मोबाइल आहे.

पौर्णिमेच्या चांदण्याचा हिशेबही इथेच करू. पूर्ण चंद्राचा उजेड फार तर पाव लक्स. वाचायला अपुरा, चालायला पुरेसा. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. खांबलिंगेश्वराचं, म्हसोबाचं हे ठिकाण गुरांच्या बाजारासाठी दूरवर माहीत आहे, आणि गाड्या नव्हत्या तेव्हा माणसं आणि जनावरं रात्री चालतच यायची-जायची. पौषातली पौर्णिमाच का, याचं धार्मिक उत्तर भक्तांकडे आहे. खगोलाचं उत्तर असं, की पूर्ण चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली कललेला असतो, म्हणून त्या दिवसांतला पूर्ण चंद्र उत्तरेला सरकून आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो आणि सुमारे तेरा तास आकाशात राहतो. वर्षातल्या सगळ्यात लांब चांदण्या रात्रींपैकी ही एक, त्यात आभाळ निरभ्र. जुन्या लोकांनी हे सगळं मोजून तिथी निवडली असा दावा मी करणार नाही. पण बैल घेऊन रानातून घरी परतणाऱ्याला ही तिथी सोयीची होती हे नक्की.

सणांना असं 'वैज्ञानिक कारण' चिकटवण्याची हौस हल्ली फार वाढली आहे. दिवाळीचे दिवे म्हणजे भातावरचे किडे मारायची युक्ती, असा निरोप दर वर्षी मोबाइलवर फिरतो. त्यात अर्धा दाणा खरा आहे. हिरवे तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंग उजेडाकडे येतात, आणि भातावरच्या किडींचा अंदाज घ्यायला कृषी खातं प्रकाशसापळे वापरतं. पण उंबऱ्यावरच्या चार पणत्यांनी खाचरातली कीड आटोक्यात येते, याला आधार नाही. पणती लावायला एवढं निमित्त लागू नये. भात घरात आलेला असतो, अमावस्येची काळी रात्र असते, आणि माणसाला उजेड आवडतो. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत दिवाळी सुरू होते ती वाघबारशीने, वाघोबाच्या दगडापुढे. गुरं राखणाऱ्याला रात्रीची भीती कशाची होती, ते त्यातून सरळ कळतं. दिव्याची अवस तर मला सगळ्यांत व्यवहारी सण वाटते. आषाढाची अमावस्या, वर ढगांचं छत, चंद्राचा पत्ता नाही, आणि पुढे श्रावण-भाद्रपदाच्या ओल्या रात्री. नेमक्या त्या दिवशी घरातले सगळे दिवे काढून घासायचे, वाती बदलायच्या, पाटावर मांडून पुजायचे.

अंधाराचं कौतुक करणं मात्र शहरातून एका रात्रीसाठी आलेल्या माणसालाच परवडतं. इथल्या घरात घासलेटची चिमणी किती वर्षं जळत होती! साध्या वातीच्या चिमणीत जळलेल्या घासलेटपैकी सात ते नऊ टक्क्यांची थेट काजळी होते, असं मोजमाप २०१२मध्ये प्रसिद्ध झालं. ती काजळी भिंतीवर बसायची तशीच छातीतही. दुसरी गोष्ट मण्यारीची. हा साप रात्री फिरतो, उंदरामागे घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. पुष्कळदा दंश दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, तेव्हा घरच्यांना कळतं. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. घराबाहेर पडताना हातात बॅटरी आणि निजायला खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी, याला इथे औषधाइतकंच मोल आहे.

उजेड हेच औषध, अशीही एक गोष्ट आहे. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत बाळ पिवळं दिसायला लागतं आणि घरी फोन येतो, "बाळाला पेटीत ठेवलंय, लाइटखाली." या लाइटमागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५६च्या सुमारास इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त चादरीचा कोपरा आला होता तेवढा तिकोनी तुकडा पिवळाच राहिला होता. डॉक्टर चक्रावले. त्याच सुमारास खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातलं बिलिरुबिनही उतरलेलं निघालं. १९५८मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी निबंध लिहिला आणि प्रकाशोपचार सुरू झाला. निळा उजेड त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार पालटतो. मग तो पाण्यात विरघळतो आणि पित्तातून, लघवीतून बाहेर पडतो. म्हणून बाळाला उघडं ठेवतात आणि फक्त डोळे झाकतात. आजी म्हणते, "त्यापेक्षा कोवळ्या उन्हात धरा की." उन्हाने फरक पडतो, हे आजीचं बरोबर आहे. पण ऊन मोजता येत नाही, बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि कावीळ चढली तर मेंदूला इजा होते. तेव्हा पेटीच बरी.

त्याच कोवळ्या उन्हाबद्दल आणखी एक. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य खाली असताना हवेतच अडतात. सकाळी सातच्या उन्हात बसणं घड्याळाला चांगलं, हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही. हाडांसाठी अकरानंतरचं ऊन लागतं, तेही थोडा वेळ.

उजेड कुणाच्या वाट्याला किती, याचा या डोंगरांशी जुना संबंध आहे. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. टाटांची ही जलविद्युत केंद्रं सह्याद्रीचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्या आणि दिवे चालवत होती, आणि तारा ज्यांच्यावरून जायच्या ती गावं चिमणीवर होती. १९४२च्या चले जाव चळवळीत भाई कोतवालांच्या भूमिगत आझाद दस्त्याने नेमके हेच विजेचे मनोरे पाडायला घेतले. २ जानेवारी १९४३ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आज शहापूर तालुक्यातच, चोंढे गावाशी, घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. वरचं धरण घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यात. मध्ये चारशे मीटरहून जास्त उतार आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॉटचे दोन संच. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी पंपाने वर चढवायचं आणि संध्याकाळी घराघरांत बटणं दाबली जातात तेव्हा खाली सोडायचं. अशा प्रकल्पांत वर चढवायला लागते तितकी वीज परत मिळत नाही, साधारण तीन चतुर्थांश मिळते. हा तोटा सोसायचा कारण उजेडाची वेळ महत्त्वाची. दिवाळीच्या संध्याकाळची वीज दुपारी दोन वाजता बनवून काय करणार?

मे सरता सरता, पहिल्या वळवानंतर, सिद्धगड-भीमाशंकरच्या रानात काजवे चमकायला लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते दाटतात, आणि कधी कधी सगळं झाड एका तालात लुकलुकतं. पोटातलं ल्युसिफेरिन, ल्युसिफेरेज हे विकर आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून हा उजेड निघतो. उष्णता जवळपास नाहीच. प्रौढ काजवा दोन-तीन आठवडेच जगतो. त्याआधी कितीतरी महिने त्याची अळी पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढते. तेवढ्या दोन-तीन आठवड्यांत नराने लुकलुकायचं, मादीने उत्तर द्यायचं, जोडी जमायची. जवळच्या घरावरचा पांढरा दिवा रात्रभर जळत असला की उत्तर दिसत नाही.

गावाला रात्री दिवा हवाच, मण्यारीचं वर सांगितलंच. पण तो रानाकडे आणि आभाळाकडे फेकायची गरज नाही. वरून झाकण असलेला, पायवाटेवरच उजेड पाडणारा, पिवळसर रंगाचा आणि मध्यरात्रीनंतर मंद होणारा दिवा बाजारात मिळतो. शेजारच्या भंडारदरा परिसरात काजव्यांच्या मोसमात वन खात्याने बॅटऱ्या आणि गाड्यांच्या दिव्यांवर नियम घातले आहेत. इकडे गर्दी अजून तेवढी नाही. तरी काजवे बघायला आलेल्यांच्या गाड्या नीट लागाव्यात म्हणून रानाच्या कडेलाच फ्लडलाइट लावायचा, आणि मग यंदा काजवे कमी का, असं गावकऱ्यांनाच विचारायचं, हा प्रकार इथेही पोचायला वेळ लागणार नाही.