स्थैर्य परीक्षण, स्विचन विद्युत् दाब नियामकाचे

स्थैर्य परीक्षण, स्विचन विद्युत् दाब नियामकाचे : आदान दाब किंवा भार बदलला तरी निर्गत दाब स्थिर ठेवणाऱ्या साधनास विद्युत् दाब नियामक म्हणतात. स्विचन प्रकारात ट्रँझिस्टर सेकंदास हजारो ते लक्षावधी वेळा उघडझाप करतो. वेटोळे व धारित्र यांमुळे मिळणारे स्पंद सपाट होतात. निर्गत दाबाचा काही अंश निर्देश दाबाशी ताडून फरकानुसार ट्रँझिस्टरचा संवाहन काल बदलला जातो. या बंद मार्गास नियंत्रण वलय म्हणतात.

वलयातील विलंब हे अस्थैर्याचे मूळ होय. वीर येथून निघणारा नीरा डावा कालवा बारामती व इंदापूर तालुक्यांना पाणी पुरवितो. टोकाची पातळी कमी दिसताच मुखाशी दरवाजा उघडला, तरी पाणी पोहोचण्यास वेळ लागतो. तेवढ्यात दरवाजा आणखी उघडल्यास पुढे पाणी प्रमाणाबाहेर येते. मग तो अतिरिक्त मिटला जातो व पातळी वरखाली होत राहते. नियामकातही असेच घडते.

वलयाचा लाभांक ज्या कंप्रतेस १ होतो, तेथे वेटोळे, धारित्र व विवर्धक यांमुळे होणारी जादा कला-पिछाडी १८०° झाल्यास आंदोलने टिकून राहतात. त्या मर्यादेपर्यंत उरलेल्या अंतरास कला-सीमा म्हणतात. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये स्थैर्याचा निकष मांडला. व्यवहारात ४५° ते ६०° कला-सीमा समाधानकारक मानतात.

मापनासाठी वलय तोडता येत नाही. कारण मोठ्या लाभांकामुळे निर्गत दाब लगेच एका टोकास जातो. म्हणून निर्गत टोक व दाब विभाजक यांमध्ये सु. १० ते ५० ओहमचा रोधक जोडतात आणि रोहित्रातून त्यावर अल्प ज्या-तरंगी दाब देतात. रोधकाच्या दोन्ही टोकांच्या भूसापेक्ष दाबांच्या गुणोत्तरावरून प्रत्येक कंप्रतेस लाभांक व कला मिळतात. या पद्धतीचे विवेचन आर्. डी. मिडलब्रुक यांनी १९७५ मध्ये केले. संकेत दुप्पट केल्यावर उत्तर बदलल्यास तो फार मोठा आहे असे समजावे.

भार एकदम बदलून दोलनदर्शकावर निर्गत दाब पाहणे ही सोपी चाचणी होय. एखाद्या हेलकाव्यात दाब स्थिरावल्यास सीमा पुरेशी असते. दीर्घकाळ कंपने चालल्यास अपुरी असते. आदान दाबाच्या व भाराच्या दोन्ही टोकांस आणि निरनिराळ्या तापमानांस चाचणी घ्यावी लागते. कारण विद्युत् विच्छेद्य धारित्र उष्णतेने व वयाने सुकते, त्याची धारिता घटते व अंतर्गत रोध वाढतो. उन्हाळ्यात तापणाऱ्या सौर कृषिपंपाच्या पेटीतील नियामक प्रयोगशाळेत स्थिर दिसला, तरी पुढे अस्थिर होऊन पंप बंद पडू शकतो. म्हणून सुरुवातीसच पुरेशी सीमा राखणे हितावह ठरते.

[⟶ पुनःप्रदाय].