जुनं, हटके घर आणि एफएचए लोन: ॲपवरची किंमत का चालत नाही?

अमेरिकेत झिलोसारख्या ॲपवर घराची अंदाजे किंमत लगेच दिसते. पण एफएचए लोनसाठी ती चालत नाही. १९३४ पासूनची ही सरकारी संस्था स्वतः कर्ज देत नाही, बँकेच्या कर्जाला विम्याचं संरक्षण देते. म्हणून अप्रेझर, म्हणजे मूल्यांकन करणारा, घरी येऊन दोन गोष्टी बघतो.

किंमत: आसपास नुकत्याच विकलेल्या तशाच घरांशी तुलना होते. घर घुमटाकार किंवा ओंडक्यांचं असेल तर तसं दुसरं घर सापडणंच अवघड. मग लांबची किंवा जुनी विक्री घेऊन त्याचं कारण लिहावं लागतं.

स्थिती: १९७८ पूर्वीच्या घरात रंगाचे पोपडे निघत असतील तर त्यात शिसं असू शकतं, ते आधी दुरुस्त करावं लागतं. छप्परही किमान २ वर्षं टिकेल असं हवं.

ठरलेल्या भावापेक्षा मूल्यांकन कमी आलं तर? कर्ज कमी आकड्यावरच मिळतं. फरक खिशातून भरा, भाव कमी करून घ्या, नाहीतर डिपॉझिट परत घेऊन व्यवहार सोडा. एफएचएच्या करारात ती सोय असते.

आणि हो, मूल्यांकन म्हणजे घराची पूर्ण तपासणी नव्हे. जुन्या घरासाठी ती वेगळी करून घ्याच!