संगणकाचा वेग आणि वैशाखाचे ऊन

श्रोतेहो, व्याख्यानमालेत विषय असावा तो संतवाङ्मयाचा, नाहीतर राज्यघटनेचा, गेला बाजार पीकपाण्याचा, असा आपल्याकडे संकेत आहे. ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर कोणता घ्यावा, हा विषय आम्ही सुचविला तेव्हा कार्यवाहांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि "ऐकायला येईल कोण?" असे विचारले. आपण आलात याचा आनंद आहे. विषय सुचण्याचे कारण मात्र आनंदाचे नव्हते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतात. चित्रीकरण झाल्यावर खरे काम संगणकावर असते. तासन्‌तासांच्या फिती जोडायच्या, रंग सुधारायचे आणि शेवटी सबंध चित्रपट यंत्राकडून तयार करून घ्यायचा. त्यांनी नवा संगणक डिसेंबरात घेतला, कोठेतरी पाहून त्याचा वेग वाढवून घेतला आणि महिनाभर तो वाऱ्यासारखा चालला. पुढे लग्नसराई आली. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास, अर्धा चित्रपट तयार झाला असता, यंत्र जागच्या जागी थिजले. पुन्हा सुरू केले, पुन्हा थिजले. वधूपित्याला दिलेली तारीख टळली, विसार परत करावा लागला, आणि गृहस्थांनी प्रोसेसरला 'नासका' ठरविले. प्रोसेसर नासका नव्हता. त्याची परीक्षा पौषात घेतली होती आणि नोकरी वैशाखात लावली होती, एवढेच.

आता हे प्रकरण मुळापासून पाहू. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेबनीस. त्याचे काम एका ठोक्यावर चालते. ठोका पडला की पाऊल पुढे. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी ठोके. १९९३ साली पेंटियम बाजारात आला तेव्हा त्याचा वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ होता. (त्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही.) म्हणजे नुसत्या ठोक्यांतच तीस-बत्तीस वर्षांत ऐंशी पटीची मजल झाली. कारखान्याने ठरवून दिलेल्या ठोक्यापेक्षा जलद ठोका मालकाने स्वतः लावणे, याचे नाव ओव्हरक्लॉकिंग.

हे शक्य तरी का व्हावे? कारण कारखान्यातून निघालेले सगळे तुकडे सारख्या कसाचे नसतात. एकाच चकतीतून कापलेला एक तुकडा थोड्या दाबावर जलद धावतो, दुसऱ्याला त्याच कामाला अधिक दाब लागतो. कारखानदार छापील वेग असा ठरवितो की त्या दर्जातला सर्वांत मठ्ठ तुकडाही तो निभावून नेईल. चांगला तुकडा हाती लागलेल्याचे त्यात काही शिल्लक राहते. ही शिल्लक काढून घेणे हाच सारा खेळ.

या खेळाचा सुवर्णकाळ १९९८ चा. त्या वर्षी इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याचा गुणक साडेचार, मदरबोर्डचा ठोका ६६ मेगाहर्ट्झ, गुणाकार ३००. लोकांनी तोच प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झच्या बोर्डावर बसविला आणि तो ४५० वर धावू लागला! त्याच वेगाचा पेंटियम २ कित्येक पट महाग होता. अशी दिवाळी पुन्हा आली नाही. काही व्यापारी कमी वेगाच्या तुकड्यांवर जास्त वेगाचे शिक्के मारून विकू लागले होते. कंपन्यांनी गुणकाला कुलूप घातले ते काहीसे त्यामुळे आणि काहीसे आपला महाग माल खपावा म्हणून. २०११ पासून इंटेलने मूळ ठोकाही यंत्राच्या इतर अंगांशी असा जखडला की तो वाढविला तर बाकीची अंगे बिघडू लागली.

म्हणून आज पहिला प्रश्न कुलपाचा. इंटेलमध्ये ज्याच्या नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर आहे त्याचाच गुणक मोकळा. आणि तो वाढवू देणारा मदरबोर्डही 'झेड' मालिकेचाच, जसे झेड७९० किंवा झेड८९०. 'के'चा प्रोसेसर घेऊन बी७६० बोर्डावर बसविणारे लोक आम्हांला भेटले आहेत. किल्ली विकत घेऊन कुलूप घरी विसरण्यातला हा प्रकार. अक्षरांच्या मागे 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखविणारे अंग नसते, वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. एएमडीच्या रायझन मालिकेत बहुतेक सर्व प्रोसेसर मोकळे असतात, पण तेथेही बोर्ड पाहावा लागतो. बी६५०, बी८५० आणि 'एक्स' मालिकेचे बोर्ड चालतात, ए६२० आणि बी८४० चालत नाहीत. 'एक्स३डी' नावाच्या जातीत ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचे गुणक बंदच होते. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये जादा स्मृतीचा थर प्रोसेसरच्या डोक्यावरून पायाशी नेला, त्यामुळे उष्णता बाहेर पडण्याची वाट मोकळी झाली, आणि कुलूपही निघाले.

या उष्णतेपाशीच आमच्या जिल्ह्याचा संबंध सुरू होतो. ठोका वाढविला की वीज त्याच प्रमाणात वाढते. परंतु जलद ठोका निभावण्यासाठी दाबही वाढवावा लागतो, आणि दाबाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो. ठोका शेकडा १० आणि दाबही शेकडा १० वाढविला तर विजेचा खप शेकडा ३३ ने वाढतो. काम दहा पावलांनी पुढे, उष्णता तेहतीस पावलांनी. ही सारी उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते.

ती बाहेर कोठे जाते? खोलीतल्या हवेत. उन्हाळ्यात पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याच्या डोक्यावर पंखा बसवा, नळ्यांतून पाणी खेळवा, काही केले तरी तो खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. हवेच्या वर किती अंश राहील, एवढेच आपल्या हाती. समजा, एखादी व्यवस्था दीडशे वॅट काढताना प्रोसेसरला हवेच्या ५५ अंश वर ठेवते. परदेशातल्या परीक्षकाच्या २० अंशांच्या खोलीत तो ७५ वर राहील आणि परीक्षक शाबासकी देईल. आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर त्याच व्यवस्थेत ९५ वर जाईल. रायझनच्या चालू पिढ्यांतील बहुतेकांची कमाल मर्यादा ९५ आहे. तेथे तो स्वतःच चाल मंद करतो. हाताने वेग बांधून ठेवला असेल तर त्याआधीच हिशेब चुकू लागतो, कारण तापलेल्या तुकड्यातील सूक्ष्म कळा मंदावतात आणि ठोक्याबरोबर पोहोचत नाहीत. आमच्या गृहस्थांचे नेमके हेच झाले.

परभणीचे वैशिष्ट्य असे की येथे दोन्ही टोके आहेत. हिवाळ्यात येथील कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि मे महिन्यात तोच ४२-४३ च्या वर जातो. डिसेंबरात जमविलेला वेग मे महिन्यात टिकावा अशी अपेक्षाच चूक. त्यात आपली धूळ, आणि कापसाच्या हंगामात हवेत तरंगणारे तंतू. जाळीवर त्यांचा नमदा बसला की पंखा नुसता ओरडतो. कूलर म्हटले की आपल्याला वाळ्याचा कूलरच आठवतो. तो वैशाखाच्या कोरड्या हवेत खोली चांगली उतरवितो, संगणकालाही त्याचा लाभ होतो. पण पेटी त्याच्या झोताच्या तोंडी ठेवू नये. बोअरच्या पाण्यातील क्षार तुषारांबरोबर आत जातात. आणि आषाढाच्या दमट हवेत त्याचा उपयोग राहत नाही, हे आपण जाणताच.

तेव्हा आमचे मत असे की आपल्याकडे प्रोसेसर निवडताना जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा पाहू नये, वॅटचा आकडा पाहावा. इंटेलचा कोअर आय९ १४९००के २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, तीही वेग न वाढविता. तो पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत शोभेल. येथे त्याला आणखी पळविणे म्हणजे चढावर धापा टाकणाऱ्या बैलाची शेपटी पिरगाळणे. विद्यार्थ्याला रायझन ५ ९६००एक्स पुरतो. त्याची मर्यादा ८८ वॅट, म्हणजे वर चढायला जागा आहे. खेळांचा षौक असेल आणि ऐपत असेल तर ९८००एक्स३डी. चित्रफितींचे काम करणाऱ्याला अधिक गाभे हवेत. त्याने कोअर अल्ट्रा ७ २६५के पाहावा. त्यात वीस गाभे आहेत आणि चित्रफिती गुंडाळण्याचे स्वतंत्र अंगही आहे. मात्र तो जोर लावला तर २५० वॅटपर्यंत जातो, तेव्हा बायोसमध्ये त्याला मर्यादा घालून ठेवावी. यातील काहीच नको असेल, तर 'के'ची जादा किंमत, झेड बोर्ड, मोठा थंडावा आणि मोठा वीजपुरवठा यांचा खर्च जोडून पाहावा. पुष्कळदा त्याच पैशात वरच्या दर्जाचा प्रोसेसर छापील वेगावर मिळतो, आणि त्याची हमीही शाबूत राहते. वेग वाढविल्याने झालेले नुकसान कंपनीच्या हमीत बसत नाही.

दाबाच्या बाबतीत एक अलीकडचे उदाहरण सांगितले पाहिजे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर लोकांच्या घरी बिघडू लागले. २०२४ साली कंपनीने मान्य केले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त दाब मागत होता आणि त्याने कायमची झीज होत होती. ऑगस्टपासून सुधारलेली आज्ञावली आली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढली. झिजलेला तुकडा मात्र आज्ञावलीने बरा होत नाही. नांदेडच्या किंवा सिकंदराबादच्या बाजारात या पिढीचा वापरलेला माल स्वस्तात दिसला तर हे ध्यानात ठेवावे.

मग वेग वाढवायचाच नाही काय? वाढवावा, पण उलट्या बाजूने. आजचे प्रोसेसर स्वतःच उष्णता आणि वीज मोजत, जमेल तेवढे वर चढतात. आपण ठोका बांधण्याऐवजी दाब कमी करावा. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय याचसाठी आहे. कारखान्याने मठ्ठ तुकड्याच्या हिशेबाने दिलेला जादा दाब थोडा थोडा उतरवावा, दर पायरीला तासभर कष्टाचे काम देऊन पाहावे, चूक झाली की दोन पायऱ्या मागे यावे. दाब कमी, म्हणून उष्णता कमी, आणि वाचलेल्या उष्णतेत प्रोसेसर आपणहून वर चढतो. दाब वाढवीत नसल्याने झिजेचे भयही राहत नाही. कंपनी याला वेगवाढच समजते आणि हमी तेवढी सैल होते, हे खरे.

आमच्या गृहस्थांच्या यंत्रावर आम्ही हेच केले. बांधलेला वेग सोडला, दाब उतरविला, जाळीवरचा कापूस काढला आणि परीक्षेची वेळ निवडली ती मे महिन्यातली दुपारी तीनची, खिडक्या लावून, वाळ्याचा कूलर बंद ठेवून. तीन तासांचा चित्रपट दिला. हिवाळ्यातल्या वेगाहून काम काही मिनिटे उशिरा संपले. यंत्र थिजले नाही. आम्ही दोघे मात्र त्या खोलीत घामाने निथळलो होतो, आणि वहिनींनी पन्हे आणून दिले तेव्हा कोठे बोलणे सुचले.