अडकलेला उजेड सोडवताना

रंगीत ई-रीडरवर दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ उघडलं की तक्रार ठरलेली असते: रंग विटलेले दिसतात. लालभडक साडी विटकरी होते, कोरी जागा राखाडी. शाई चांगली असूनही असं का होतं?

मोबाइलच्या पडद्याला स्वतःचा उजेड असतो. ई-कागद आपल्यावर पडेल त्या उजेडावर चालतो. त्याच्या सूक्ष्म कुप्यांत टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे कण आणि काळे कण तरंगतात. विजेच्या इशाऱ्यावर त्यांपैकी एक रंग वर येतो. चांगला छपाईचा कागद सुमारे 80 टक्के उजेड परत पाठवतो, तर कृष्णधवल ई-कागद जेमतेम 40 ते 45 टक्के.

‘कॅलिडो’ जातीच्या पडद्यात यावर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची गाळणी असते. प्रत्येक ठिपका आपला रंग सोडून बाकीचा उजेड गिळतो, म्हणजे आदर्श गाळणीतूनही एक तृतीयांशच वाचतो. म्हणून कारखानदार गाळणी फिकी ठेवतात. पडदा उजळतो, पण रंग पातळ होतात.

मला यातली सर्वांत रंजक गळती मात्र वेगळीच वाटते. पांढऱ्या कणांवरून उजेड सगळ्या दिशांना विखुरतो. वरच्या प्लॅस्टिकचा अपवर्तनांक 1.5च्या आसपास असल्याने सुमारे 42 अंशांहून तिरका किरण पृष्ठभागावरून पूर्णपणे आतच परततो. गणित मांडलं तर पहिल्या खेपेला 44 टक्केच उजेड बाहेर पडतो. उरलेला आत फिरत शेजारच्या ठिपक्यात शिरतो. लाल ठिपक्यातून निघालेला किरण हिरव्या गाळणीखाली पोहोचला की संपलाच.

याच पूर्ण आंतरिक परावर्तनाला कामाला लावण्याची कल्पना कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्न व्हाइटहेड यांनी राबवली. त्यांच्या फिल्मची आतली बाजू जास्त अपवर्तनांकाच्या सूक्ष्म अर्धगोलांनी भरलेली असते. आत आलेला किरण अर्धगोलाच्या कडेवर दोन-तीनदा आपटतो आणि साधारण आल्या दिशेलाच परत जातो. पांढरेपणा आला, तोही पांढऱ्या कणांशिवाय! काळे कण फिल्मला भिडवले की परावर्तन मोडतं आणि ती जागा काळी होते. अर्धगोलाच्या मध्यावर सरळ पडलेला उजेड मात्र आरपार निघून जातो. तो परत आणायला मागे आरसा लागतो. डोक्यामागे दिवा ठेवून वाचणाऱ्याला ही फिल्म अधिक उजळ दिसते, कारण उजेड दिव्याच्या, म्हणजे त्याच्याच दिशेने परततो.

दुसरा मार्ग दिशा देणाऱ्या फिल्मचा. ती विखुरणारा उजेड समोरच्या ठरावीक कोनात गोळा करते. फिल्म उजेड निर्माण करत नाही. समोर वाढलेला उजेड बाजूने कमी झालेला असतो. हातात धरून वाचायच्या पुस्तकाला हा सौदा नक्की परवडतो, असं मला वाटतं. चहूबाजूंनी माणसं पाहतात त्या बसथांब्यावरच्या फलकाला तो परवडणार नाही.

आणि एक साधं काम, ज्याचं श्रेय फार कमी दिलं जातं. उघड्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून सुमारे 4 टक्के उजेड चित्रापर्यंत न पोहोचताच परावर्तित होतो. चित्राकडून 20 टक्केच उजेड येत असेल, तर ही चकाकी त्याच्या एक पंचमांश ठरते. तिथे परावर्तनरोधी लेप दिला की काळा रंग काळा दिसू लागतो आणि त्याच्या शेजारचा लालही खुलतो.